खुंट उघडे आहेत तोवरच त्यांची नोंद करूया: नाथसागराकाठच्या मच्छीमार संस्थांना खुले पत्र

प्रति,
नाथसागराच्या काठावरील सर्व मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव, संचालक आणि सभासद बंधुभगिनी,
पैठण, गंगापूर, शेवगाव व नेवासा तालुके.

विषय: पाण्याखालील झाडांच्या खुंटांची नोंद, त्यांवरील खुणा आणि होडीच्या सुरक्षित वाटा.

सप्रेम नमस्कार.

चैत्र सुरू झाला आहे आणि धरणाचे पाणी रोज थोडे थोडे मागे सरकत आहे. आमच्या बाजूला गेल्या आठवड्यात दोन बाभळींचे शेंडे आणि एका लिंबाचा बुडखा वर आला. तुमच्या बाजूलाही असेच काही दिसू लागले असेल. मृगाचा पाऊस येऊन वरच्या धरणांतून पाणी सुटेपर्यंत हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर उघडे राहील आणि मग वर्षभरासाठी पुन्हा पाण्याखाली जाईल. या दोन-अडीच महिन्यांत प्रत्येक संस्थेने आपापल्या हद्दीतील खुंटांची नोंद करून ठेवावी, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी स्वतः धरणग्रस्त कुटुंबातला आहे, एकतीस वर्षे याच पाण्यात वल्हे मारतो आहे आणि आपल्यासारखाच एका संस्थेचा साधा सभासद आहे.

ज्याच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, त्या गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारे हे धरण डोंगराच्या खिंडीत नसून सपाट काळ्या शिवारावर आहे. म्हणूनच त्याची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे आणि पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते, पण फार खोल जात नाही. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असते आणि मृतसाठ्याची, म्हणजे ज्याखालचे पाणी कालव्यांना सोडता येत नाही ती, पातळी १४९४.५ फूट आहे. मधल्या साडेसत्तावीस फुटांत आपली बहुतेक मासेमारी चालते आणि याच साडेसत्तावीस फुटांत बुडालेल्या शंभरावर गावांचे बांध, विहिरींची कठडी, घरांची जोती आणि झाडे आहेत. जी झाडे पाणी येण्याआधी तोडली गेली त्यांचे बुडखे मागे राहिले आणि जी तोडायची राहून गेली ती उभीच बुडाली.

इतक्या वर्षांत ही लाकडे कुजून गेली असतील, असे नवीन मुले म्हणतात. हा समज घातक आहे आणि तो का चुकीचा आहे हे त्यांना नीट सांगायला हवे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. जे खोड कायम पाण्यात किंवा गाळात रुतलेले असते, त्याला ती मिळत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्या आजोबांच्या काळी विहिरीच्या तळाशी लाकडी कडे बसवत असत, ते याच कारणाने. खोडाचा जो भाग कधी पाण्यात तर कधी उन्हात असतो तो मात्र लवकर झिजतो आणि तिथूनच झाड मोडते. म्हणजे दिसणारा शेंडा आधी जातो आणि न दिसणारा बुडखा तसाच राहतो. एखाद्या वर्षी ओळखीचे वाळके झाड दिसेनासे झाले, तर ती जागा मोकळी झाली असे न समजता ती आता जास्त धोक्याची झाली असे समजावे. त्यातून बाभळीचे लाकूड किती चिवट असते, हे औतकाठी वापरलेल्या घरांना वेगळे सांगायला नको.

जुन्या बुडख्यांखेरीज आणखी दोन प्रकारचे लाकूड पाण्यात असते आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. लागोपाठ कोरडी वर्षे गेली की उघड्या पडलेल्या गाळावर वेडी बाभूळ माजते. दोन-तीन वर्षांत ती माणसाच्या वर जाते आणि पुढच्या चांगल्या पावसाळ्यात उभीच बुडते. तिच्या बारीक, टणक, काटेरी फांद्यांनी होडीचा तळ सहसा फुटत नाही, पण जाळे आणि मशीनचा पंखा त्यांत हमखास अडकतो. दुसरे लाकूड पुराबरोबर येते. नाशिककडची धरणे भरून नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून पाणी सुटले की गोदावरी काठची उन्मळलेली झाडे घेऊन येते. ती काही दिवस पाणवेलींच्या थरात तरंगतात, मग पाणी पिऊन जड होतात. त्यांतला एखादा ओंडका बुंध्याकडून आधी जड होतो आणि पाण्यात उभा राहतो. त्याचे टोक पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असते आणि लाटेत ते मुळीच दिसत नाही. अशा ओंडक्याची नोंद करता येत नाही, कारण तो आज इथे तर उद्या तिथे असतो. म्हणून पूर येऊन गेल्यावरचे काही आठवडे सर्वांनीच वेग कमी ठेवावा, एवढेच त्याबाबत सांगता येते.

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण या पत्रामागे तीच आहे. बारा वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात दिवस मावळल्यावर चुलतभावाबरोबर परत येताना आमची होडी एका बुडख्यावर आदळली. धरण त्या दिवशी १५२० फुटांच्या आसपास होते आणि बुडख्यावर हातभरसुद्धा पाणी नव्हते. तळाची फळी फुटली, भाऊ पाण्यात फेकला गेला आणि पुढचा तासभर आम्ही दोघे रिकाम्या कॅनला धरून थंडीत तरंगत राहिलो. दुसरी होडी आली म्हणून वाचलो. भावाचा खांदा आजही नीट उचलत नाही. मला अजून टोचते ते पुढचेच. त्याच वर्षीच्या वैशाखात गाळपेऱ्याची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पेरलेली, काकडी राखताना मी त्याच बुडख्यावर बसून भाकरी खात असे. तो कुठल्या बांधावर आहे, किती उंच आहे, त्याच्या शेजारी दुसरा बुडखा किती पावलांवर आहे, हे सारे मला ठाऊक होते. पण वर सगळीकडे सारखे पाणी पसरल्यावर आणि अंधार पडल्यावर त्या माहितीचा काही उपयोग झाला नाही, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती.

ती लिहून ठेवायला ना मोठे यंत्र लागते, ना सर्वेक्षक. धरणाची पाणीपातळी रोज जाहीर होते, वर्तमानपत्रात येते आणि मोबाइलवरही फिरते. पाणी उतरत असताना ज्या दिवशी एखाद्या खुंटाचे टोक पाण्याबाहेर डोकावते, त्या दिवशीची धरणाची पातळी हीच त्या टोकाची उंची असते. तेवढा आकडा आणि मोबाइलवरील जीपीएसने मिळालेली जागा वहीत लिहिली की त्या खुंटाची नोंद कायमची झाली. समजा, एक खुंट धरण १५०९ फुटांवर असताना उघडा पडला, तर धरण १५१० असताना त्यावर एक फूट पाणी असणार आणि १५१४ असताना पाच फूट. मशीन लावलेल्या लहान होडीचा पंखा पाण्याखाली साधारण दीड-दोन फूट जातो. लाटांसाठी आणखी एक फूट धरला, तर खुंटावर तीन फुटांपेक्षा कमी पाणी असेल त्या दिवसांत तिथून मशीन चालवायचे नाही, इतका साधा हिशेब आहे. या वहीला मी खुंटवही म्हणतो. तुम्हाला दुसरे नाव सुचले तर तेही चालेल.

नोंद करताना काही गोष्टी पाळाव्या लागतील. वारा जोरात असेल त्या दिवशी नोंद करू नये, कारण वाऱ्याने पाणी एका काठाकडे लोटले जाते आणि पातळी फसवते. पावसाळ्यात येवा, म्हणजे वरून येणारे पाणी, सुरू असताना जलाशयाच्या वरच्या अंगाला कायगाव टोक्याकडचे पाणी भिंतीजवळच्या पाण्यापेक्षा उंच असते, म्हणून तिकडच्या संस्थांनी उतरत्या पाण्यातच आकडे घ्यावेत. मोबाइलची जागा काही मीटरने इकडेतिकडे होते, तेव्हा वहीतील ठिपक्याभोवती वीसेक पावलांचे रिंगण धोक्याचे धरावे. ज्यांना आधीच उघडे पडलेले खुंट नोंदवायचे आहेत, त्यांनी आजच्या पाण्याच्या कडेपासून खुंटाच्या टोकाची उंची पाण्याची नळी लावून मोजावी. गवंडी घराचे जोते समपातळीत आणतो, तीच ही रीत आहे.

या हिशेबातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण समजतो की अमुक जागा वाईट आहे आणि तमुक चांगली. प्रत्यक्षात धोक्याचा एक पट्टा असतो आणि तो पाण्याबरोबर सरकतो. धरण भरलेले असताना गाळपेऱ्याच्या वरच्या बांधांवरचे खुंट तीन फुटांच्या आत असतात आणि जुन्या गावठाणावरची मोठी झाडे खोल असल्याने निर्धोक असतात. माघ-फाल्गुनात पाणी उतरले की वरचे खुंट कोरडे पडतात आणि कालपर्यंत ज्या गावठाणावरून आपण बिनधास्त मशीन चालवले, तिथली चिंच आणि वड पंख्याच्या टप्प्यात येतात. आठवडाभर आजारी असलेला माणूस पुन्हा पाण्यावर जातो, तेव्हा त्याची ओळखीची वाट बदललेली असते. ‘मी इथून रोज जातो’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

झाडे कुठे असणार, याचाही काही नेम असतो. उघड्या शेतात झाड क्वचित होते. ती बांधांवर, ओढ्यांच्या काठांनी, गाडीवाटांच्या दोन्ही अंगांनी, विहिरींपाशी आणि गावाभोवती होती. गोदावरीच्या जुन्या पात्राचा मध्यभाग खोल आणि बहुतांशी मोकळा आहे, पण त्याच्या दोन्ही थड्यांवर करंज आणि बाभळीची दाट रांग होती. म्हणून लांबचा पल्ला जुन्या पात्राने गाठावा, काठाकडे वळताना थडीची रांग तिरकी न कापता सरळ आडवी कापावी आणि बुडालेल्या रस्त्याच्या रेषेत कधीही होडी हाकू नये. गावनकाशांवर गट, ओढे आणि वाटा दाखवलेल्या असतात. धरणापूर्वीचे इंचाला मैल प्रमाणाचे सर्वेक्षण विभागाचे नकाशेही उपयोगी पडतील. पण नकाशापेक्षा मोठा ठेवा आपल्या घरात आहे. सत्तरी ओलांडलेली जी माणसे त्या शिवारात वाढली, त्यांना कोणाच्या बांधावर कोणते झाड होते हे अजून सांगता येते. माझे वडील पाण्याकडे बोट दाखवून सांगत, ‘तिथं दोघा भावांच्या वाटणीची बाभळ हाय, तिच्यावरून भांडण व्हतं म्हणून ती कोणी तोडली न्हाई.’ वडील गेले तेव्हा अशी किती झाडे त्यांच्याबरोबर गेली, हे मला मोजता आले नाही. अशा माणसांना येत्या महिन्यात होडीत बसवून एकदा सगळीकडे फिरवून आणा.

वहीत नसलेला खुंट ओळखायचा तर पाणी वाचावे लागते. सूर्य पाठीशी असताना पाण्याखालचे दिसते, समोर असताना फक्त चकाकी दिसते, म्हणून खुंटांच्या भागातली जाळी सकाळी पश्चिमेकडे तोंड करून आणि दुपारनंतर पूर्वेकडे तोंड करून उचलता येतील अशी टाकावीत. चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा मिळाला तर त्याचा खरोखर उपयोग होतो. मंद वाऱ्यात सगळीकडे बारीक सुरकुत्या असताना एखादा तुकडा गुळगुळीत दिसला किंवा एकाच जागी लाट पुन्हा पुन्हा मोडताना दिसली, तर खाली काहीतरी आहे असे समजावे. भर पाण्यात पाणकावळा पंख वाळवत उभा असेल, तर तो पाण्यावर उभा नसतो. अशा भागात मशीन बंद करून वर घ्यावे, वल्ह्यांनी जावे आणि एकाने होडीच्या तोंडाशी वेळूची काठी घेऊन पाणी चाचपत बसावे. तोंडाशी बसलेला माणूस जे सांगेल ते मागच्याने निमूट ऐकावे, मग मागचा वयाने कितीही मोठा असो.

आता जाळ्याविषयी, कारण माझ्या पाहण्यात माणसे आदळण्यापेक्षा जाळ्यापायी जास्त पाण्यात पडली आहेत. जाळे खुंटाला अडकते. माणूस होडीच्या एका बाजूला उभा राहून ते जिवाच्या आकांताने ओढतो, होडी त्या बाजूला कलते, तेवढ्यात लाट येते किंवा जाळे एकदम सुटते आणि होडी उलटते. थर्माकोलच्या तराफ्यावर तर हे क्षणात घडते. अडकलेले जाळे बाजूने ओढू नये. होडी बरोबर खुंटाच्या डोक्यावर नेऊन, बसून, सरळ वर उचलून पाहावे, मग उलट दिशेने जाऊन तिकडून पाहावे, आणि तरीही निघाले नाही तर कापावे. जाळे होडीला बांधायचेच असेल तर तोंडाशी बांधावे, मागे किंवा मध्यावर नव्हे, म्हणजे वारा फिरला तरी होडी लाटेला तोंड देऊन उभी राहते. सोडवण्यासाठी पाण्यात उडी मारणे सर्वांत वाईट, कारण खाली फांद्या आणि जुनी नायलॉनची जाळी असतात आणि ती पोहणाऱ्यालाही सोडत नाहीत. जाळे महाग आहे, कर्ज काढून घेतलेले असते, ते कापताना हात थरथरतो, हे मी जाणतो. त्यासाठीच माझी सूचना आहे की प्रत्येक संस्थेने आपल्या नफ्यातून थोडी रक्कम बाजूला काढून जाळे कापून परत आलेल्या सभासदाला नव्या जाळ्यासाठी मदत करावी. कापलेल्या जाळ्याची जागा मात्र वहीत लिहावी आणि उन्हाळ्यात ते काढून आणावे, नाहीतर ते वर्षानुवर्षे मासे आणि कासवे मारत राहते.

मशीन वापरणाऱ्यांनी पुढे जाताना टिल्टचा (मशीन वर उचलण्याच्या सोयीचा) लॉक मोकळा ठेवावा, म्हणजे आदळल्यावर मशीन वर उचलले जाते आणि मागची फळी उखडत नाही. पंख्याची शिअर पिन तुटण्यासाठीच असते. ती तुटली म्हणून खिळा ठोकून काम चालवू नये, दोन जादा पिना आणि पक्कड जवळ ठेवावी. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की मशीन बंद पाडणारी, दोरी मनगटाला बांधावी. होडी खुंटावर चढून बसली तर सगळ्यांनी उठून गोंधळ करू नये. टेकलेल्या जागेपासून वजन दूर सरकवून, आलो त्याच वाटेने काठीने मागे रेटावे. फळी फुटली असेल तर आधी तिथे चिंध्या कोंबाव्यात, मगच होडी सोडवावी. लाइफ जॅकेटविषयी वेगळे लिहीत नाही. ते होडीत असते तेव्हा उपयोगाचे नसते, अंगावर असते तेव्हाच असते.

खुंटांवर खुणा करताना सगळ्या काठाने एकच रीत ठेवली तर पैठणचा माणूस गंगापूरच्या पाण्यातही फसणार नाही. समुद्रात एकट्या धोक्याची खूण काळ्या रंगावर लाल पट्टा अशी असते आणि उभे लाल-पांढरे पट्टे म्हणजे सुरक्षित पाणी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आपण निदान त्याच्या उलट काही रंगवू नये. उथळ भागात आत्ताच, जमीन कोरडी असताना, खुंटाशेजारी दहा-बारा फुटी लोखंडी पाइप रोवून त्याला रेडियमची पट्टी लावावी. टॉर्चच्या उजेडात ती दुरून चमकते. खोल भागात बंद कॅन दोरीने बांधता येतील, पण पाणी उतरले की दोरी ढिली पडून तीच पंख्यात जाते. त्यासाठी दोरी कॅनच्या कडीतून ओवून दुसऱ्या टोकाला दगड बांधावा, म्हणजे ती ताणलेली राहते.

काही जण म्हणतील, हे सारे करण्यापेक्षा उन्हाळ्यात सगळे खुंट उपटून का टाकू नयेत? माझा या गोष्टीला विरोध आहे. बुडालेल्या लाकडावर शेवाळ वाढते, त्यावर बारीक जीव आणि झिंगे जगतात, पिल्ली त्याच फांद्यांत लपून वाचतात. खुंटांपाशी मासा लागतो म्हणून तर आपण तिथे जातो. शिवाय १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे आणि पाण्याबाहेरची वाळकी झाडे पाणपक्ष्यांची बसण्याची, घरट्यांची जागा आहेत. विनापरवानगी कुऱ्हाड लावणे हा गुन्हाही ठरेल. मासे उतरवण्याच्या धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत जी एक वाट सर्वजण वापरतात, तेवढ्याच वाटेतील खुंट जमिनीलगत कापू द्यावेत, अशी वनविभाग आणि जलसंपदा विभागाकडे संस्थांनी मिळून लेखी मागणी करावी. बाकीचे राहू द्यावेत आणि नोंदवावेत.

सर्व संस्थांनी या महिन्याच्या बैठकीत ठराव करून दोन तरुण आणि एक जुने जाणते माणूस यांच्यावर खुंटवहीचे काम सोपवावे. तरुणांना मोबाइल येतो आणि जुन्यांना शिवार येते. वैशाखअखेर सगळ्या वह्या एकत्र आणून त्यांची एक प्रत प्रत्येक धक्क्यावरील फलकावर लावावी आणि आजच्या पातळीला कोणते खुंट धोक्याचे, हे रोज खडूने लिहावे. एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या तालुका कक्षाला द्यावी, कारण पुरात शोधपथकाची होडी याच पाण्यात उतरते आणि त्यांना इथले काहीच माहीत नसते. येलदरी, इसापूर, माजलगाव, मांजरा या धरणांवरील आपल्या बांधवांनाही हे पत्र पाठवावे.

आमच्या बाजूची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर मार्गशीर्षातला तो बुडखा आहे. त्याच्या शेजारी अकरा पावलांवर दुसरा आहे, आणि तो मला त्या वर्षीही माहीत होता.

आपला,
नाथसागराच्या काठावरील एक मच्छीमार सभासद